वजाबाकीतून उरणारी जोडी

धायरीच्या डोक्यावर

पुण्यातल्या धायरी फाट्यावर उभे असा, धारेश्वराच्या देवळात असा किंवा घरात झोपलेले असा, आपल्या तळहाताएवढ्या जागेतून साधारण दर सेकंदाला एक म्युऑन आरपार जात असतो. त्याचा जन्म दहा-पंधरा किलोमीटर उंचावर होतो. अंतराळातून आलेला प्रोटॉन हवेतल्या नायट्रोजनच्या किंवा ऑक्सिजनच्या अणुकेंद्रावर आदळतो आणि कणांचा वर्षाव सुरू होतो. जमिनीपर्यंत पोचणारे म्युऑन हा त्यातला चिवट भाग. त्याच वर्षावात इलेक्ट्रॉन आणि त्याचा विरुद्ध भाराचा प्रतिकण पॉझिट्रॉन यांच्या असंख्य जोड्याही जन्मतात. त्यातल्या बहुतेक हवेतच संपतात.

म्हणजे प्रोटॉनच्या टकरी आपल्या डोक्यावर रोज होतात. पण त्या कुठे आणि कधी होतील हे कोणी सांगू शकत नाही, आणि टक्कर झाली तेव्हा शेजारी मोजणारे यंत्र नसते. जिनिव्हाजवळ सर्न या संस्थेने जमिनीखाली सुमारे २७ किलोमीटर परिघाचा लार्ज हॅड्रॉन कोलायडर, म्हणजे एलएचसी, बांधला तो यासाठीच. तिथे प्रोटॉनचे पुंजके समोरासमोरून येतात आणि सेकंदाला सुमारे चार कोटी वेळा एकमेकांतून जातात. २०१५ ते २०१८ या काळात टकरीची ऊर्जा १३ टीईव्ही होती; २०२२पासून ती १३.६ टीईव्ही आहे. तेवढ्याच तोडीची टक्कर हवेत व्हायची तर अंतराळातल्या प्रोटॉनकडे ९०,००० टीईव्हीच्या आसपास ऊर्जा असावी लागते, कारण समोरचे अणुकेंद्र जागेवर स्थिर असते आणि बरीचशी ऊर्जा नुसती पुढे धावण्यात जाते. (एक टीईव्ही म्हणजे हजार जीईव्ही, आणि एका प्रोटॉनचे वस्तुमान ऊर्जेच्या भाषेत साधारण एक जीईव्ही. पुढचे आकडे वाचताना एवढे ध्यानात असले की पुरे.)

जोडीच का मोजायची

प्रोटॉन फुटला की बाहेर पडणारे बहुतेक कण पायॉन, केऑन यांसारखे असतात. ते क्वार्कचे बनलेले असतात आणि त्यांच्यावर प्रबळ बलाची सत्ता चालते. निघाल्यापासून ते घडत, मोडत, एकमेकांशी देवघेव करत येतात. यंत्रापर्यंत पोचतो तो या सगळ्या घडामोडींच्या शेवटाचा वृत्तांत.

इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन यांच्यावर प्रबळ बलाचा परिणामच होत नाही. जोडी जिथे जन्मली तिथली खबर ती जवळपास जशीच्या तशी बाहेर आणते. शिशाच्या अणुकेंद्रांची टक्कर करून क्वार्क आणि ग्लुऑन यांचे तप्त द्रव्य तयार करतात, त्याचे तापमान जाणून घ्यायला म्हणूनच ही जोडी मोलाची ठरते. मात्र शिशाच्या टकरीत वेगळे काय घडले हे कळायला आधी प्रोटॉन-प्रोटॉनच्या साध्या टकरीत काय घडते ते पक्के ठाऊक हवे. प्रोटॉनचे मोजमाप हा तो पाया आहे.

अडचण आहे ती दुर्मीळपणाची. फाय नावाचा मेसॉन दहा हजार वेळा विघटित झाला तर त्यातून अशी जोडी तीनेक वेळा निघते. ओमेगा मेसॉनच्या एक लाख विघटनांत ती सातच्या आसपास.

दोन कणांतून एक आकडा

यंत्र प्रत्येक कणाची ऊर्जा आणि दिशा मोजते. समजा एका कणाने फुटून जोडी दिली. त्या दोघांच्या ऊर्जा आणि त्यांच्यातला कोन यांवरून फुटलेल्या कणाचे वस्तुमान काढता येते. वेगवान इलेक्ट्रॉनसाठी सूत्र सोपे आहे: दोन्ही ऊर्जांच्या गुणाकाराचे वर्गमूळ काढायचे, त्याला मधल्या कोनाच्या निम्म्याच्या साइनने गुणायचे आणि दुप्पट करायचे. दोन्ही कण प्रत्येकी ५ जीईव्हीचे आणि त्यांच्यात ३६ अंशांचा कोन असेल, तर उत्तर येते सुमारे ३.१ जीईव्ही. तोच कण स्थिर असताना फुटला असता तर दोघे प्रत्येकी १.५५ जीईव्ही घेऊन विरुद्ध दिशांना गेले असते, आणि उत्तर पुन्हा ३.१च आले असते. मूळ कण कितीही वेगात असो, हा आकडा बदलत नाही. लाखो जोड्यांचे असे आकडे आलेखावर मांडले की ठरावीक ठिकाणी टोके उभी राहतात.

३.१ हा आकडा मी मुद्दाम घेतला. १९७४मध्ये सॅम्युअल टिंग यांचा गट अमेरिकेत ब्रुकहेव्हन येथे बेरिलियमच्या पट्टीवर प्रोटॉन आदळवून इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉनच्या जोड्या मोजत होता. ३.१ जीईव्हीपाशी त्यांना अरुंद, उंच टोक दिसले. त्याच सुमारास स्टॅनफर्डला बर्टन रिक्टर यांच्या गटाला तोच कण उलट्या वाटेने, इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन यांची टक्कर करून, सापडला. नोव्हेंबर १९७४मध्ये दोन्ही शोध एकाच वेळी जाहीर झाले. हा जे/साय कण म्हणजे चार्म क्वार्क आणि त्याचा प्रतिक्वार्क यांची बांधलेली जोडी. १९७६चे नोबेल पारितोषिक दोघांना विभागून मिळाले. १९८३मध्ये सर्नला प्रोटॉन आणि प्रतिप्रोटॉन यांच्या टकरींत झेड कण सापडला, तेव्हाही इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉनच्या जोड्यांनीच साक्ष दिली. त्याचे वस्तुमान ९१.१९ जीईव्ही.

इलेक्ट्रॉन ओळखायचा कसा

इलेक्ट्रॉनमागे शेकडो पायॉन असतात, आणि चुंबकीय क्षेत्रात दोघेही सारखेच वळतात. वळण कोणत्या बाजूला आहे यावरून विद्युतभार कळतो, वळण किती आहे यावरून संवेग कळतो. पण कण कोणता हे कळत नाही. ते कळण्यासाठी एलएचसीवरच्या प्रयोगांनी वेगवेगळे मार्ग धरले आहेत.

ॲलिस या प्रयोगात टकरीच्या बिंदूभोवती सुमारे ९० घनमीटर वायू भरलेले मोठे पिंप आहे. त्यातून जाताना कण वायूच्या अणूंमधले इलेक्ट्रॉन उडवतो. दर सेंटिमीटरला किती उडवले हे कणाच्या वेगावर ठरते, आणि इलेक्ट्रॉन इतका हलका असतो की थोड्याशा ऊर्जेतही तो जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने धावतो. म्हणून त्याची खूण पायॉनपेक्षा निराळी पडते. पण अर्ध्या जीईव्हीच्या आसपास केऑनची खूण आणि एक जीईव्हीच्या आसपास प्रोटॉनची खूण नेमकी इलेक्ट्रॉनच्या खुणेवर येऊन बसते. तिथे दुसरे यंत्र कामाला येते. टकरीपासून ३.७ मीटर अंतरावर कण किती वेळात पोचला हे ते मोजते, आणि त्यातली चूक एका सेकंदाच्या अब्जाव्या भागाच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी असते. केऑन आणि प्रोटॉन जड असल्याने उशिरा पोचतात, आणि तिथेच पकडले जातात.

सीएमएस या दुसऱ्या प्रयोगाचा भर जास्त ऊर्जेवर आहे. तिथे लेड टंगस्टेटचे ७५,८४८ स्फटिक आहेत. काचेसारखे पारदर्शक, पण लोखंडाहून घन. इलेक्ट्रॉन स्फटिकात शिरला की फोटॉन फेकतो, फोटॉनमधून पुन्हा इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉनची जोडी जन्मते, ती पुन्हा फोटॉन फेकते. हा वर्षाव २३ सेंटिमीटर लांबीच्या स्फटिकात जवळपास पूर्ण संपतो, आणि त्यातून निघालेल्या प्रकाशावरून सगळी ऊर्जा मोजली जाते. पायॉनचा वर्षाव मात्र स्फटिक ओलांडून मागच्या थरांत जातो. हा फरक म्हणजे इलेक्ट्रॉनची ओळख.

या वर्षावाचे गणित १९३७मध्ये मांडले ते होमी भाभा आणि वॉल्टर हाइटलर यांनी. प्रश्न होता वैश्विक किरणांचा: वरून आलेला एक इलेक्ट्रॉन खाली येईपर्यंत कणांचा एवढा मोठा समूह कसा होतो? त्याआधी भाभांनी इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन एकमेकांवरून कसे विखुरतात याचे सूत्र काढले होते; आज ते भाभा विकिरण म्हणून जगभर ओळखले जाते. मुंबईत जन्मलेल्या माणसाने हवेतल्या वर्षावासाठी केलेले गणित सीएमएसच्या प्रत्येक स्फटिकात दर क्षणी खरे ठरते आहे. धायरीवरची हवा आणि जिनिव्हाचा स्फटिक यांत घडणारी गोष्ट एकच. एकीकडे पसरायला किलोमीटर लागतात, दुसरीकडे सेंटिमीटर.

खोट्या जोड्या

माझ्या मते या मोजमापातला सर्वांत कठीण आणि सर्वांत सुंदर भाग हा आहे.

एका टकरीत तीन इलेक्ट्रॉन आणि तीन पॉझिट्रॉन सापडले, तर त्यांच्या जोड्या किती होतील? नऊ. त्यातल्या एका कणापासून जन्मलेल्या खऱ्या जोड्या फार तर तीन. बाकीच्या आपण कागदावर जुळवलेल्या. कोणता इलेक्ट्रॉन कोणत्या पॉझिट्रॉनचा जोडीदार हे कणावर लिहिलेले नसते. श्रावणी सोमवारी देवळातून बाहेर पडणाऱ्या गर्दीतल्या प्रत्येक बाईची प्रत्येक पुरुषाशी जोडी लावली, तर खरी जोडपी त्या ढिगाऱ्यात बुडून जातील, तसेच हे.

एकेक खोटी जोडी ओळखता येत नाही, पण खोट्या जोड्या एकूण किती आहेत हे मोजता येते. दोन इलेक्ट्रॉनांच्या जोड्या मोजायच्या, दोन पॉझिट्रॉनांच्या जोड्या मोजायच्या. एक कण फुटून थेट दोन इलेक्ट्रॉन देत नाही, म्हणून या समभारी जोड्या आपण जुळवलेल्याच असतात. त्या दोन आकड्यांच्या गुणाकाराचे वर्गमूळ काढून दुप्पट केले की विषमभारी खोट्या जोड्यांचा अंदाज मिळतो. तो एकूण विषमभारी जोड्यांतून वजा करायचा. उरते ती खरी संख्या.

दुसरी रीतही आहे: एका टकरीतला इलेक्ट्रॉन आणि भलत्याच टकरीतला पॉझिट्रॉन यांची जोडी लावायची. अशा जोड्या हव्या तेवढ्या मिळतात आणि त्या नक्की खोट्या असतात. पण एक गोष्ट निसटते. एकाच पायॉनपासून दोन फोटॉन निघाले आणि दोघांच्याही जोड्या झाल्या, तर पहिल्याचा इलेक्ट्रॉन आणि दुसऱ्याचा पॉझिट्रॉन एकमेकांचे नसले तरी एका घरातले असतात. ही नाती समभारी जोड्यांत दिसतात, भलत्या टकरींच्या जोड्यांत दिसत नाहीत. म्हणून अभ्यासक मुख्य वजाबाकी समभारी जोड्यांनी करतात. यंत्राला विषमभारी आणि समभारी जोड्या सारख्याच प्रमाणात दिसतात का, हे तपासायला मात्र भलत्या टकरींच्या जोड्या वापरतात.

वजाबाकी करताना अनिश्चितता वजा होत नाही, ती वाढते. समजा १,००० जोड्या मिळाल्या आणि त्यातल्या ९०० खोट्या निघाल्या. उरल्या १००, पण त्यात इकडेतिकडे सुमारे ४४ची शक्यता. चौपट टकरी नोंदवल्या तर उरतील ४००, आणि अनिश्चितता ८७. खात्री दुप्पट करायला चौपट काम करावे लागते. अब्जावधी टकरी का साठवाव्या लागतात याचे उत्तर या साध्या हिशेबात आहे.

आणखी एक गनीम यंत्रातच बसलेला असतो. पायॉनपासून निघालेला फोटॉन यंत्राच्या भिंतीत शिरून इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉनची जोडी देतो. जोडी खरी, पण टकरीच्या बिंदूपासून दूर जन्मलेली. ती कमी व्हावी म्हणून टकरीभोवतालची नळी बेरिलियमसारख्या हलक्या धातूची, एका मिलिमीटरहूनही पातळ केलेली असते. तरीही ज्या जोड्या होतात त्यांच्या दोन वाटा जवळजवळ चिकटून निघतात आणि चुंबकीय क्षेत्राला काटकोनात असलेल्या पातळीतच फाकतात. या खुणेवरून त्या वेचून काढता येतात.

माहीत असलेल्याची यादी

खोट्या जोड्या काढल्यावर उरलेला आलेख म्हणजे शोध नव्हे. त्यातही जुने, ओळखीचे स्रोत भरलेले असतात. तटस्थ पायॉन शंभरात सुमारे १.२ वेळा एक फोटॉन आणि एक इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉन जोडी देतो, आणि पायॉन सर्वांत जास्त जन्मतात. त्यापुढे एटा, ऱ्हो, ओमेगा, फाय. साधारण एक ते तीन जीईव्हीच्या मधल्या पट्ट्यात चार्म आणि ब्यूटी क्वार्कचे राज्य असते: एका मेसॉनकडून इलेक्ट्रॉन येतो, त्याच्या जोडीने जन्मलेल्या दुसऱ्याकडून पॉझिट्रॉन. ब्यूटी मेसॉन फुटण्यापूर्वी सुमारे अर्धा मिलिमीटर किंवा अधिक अंतर जातो. त्यामुळे त्याचा इलेक्ट्रॉन मागे वाढवून पाहिला तर टकरीच्या बिंदूला जरासा चुकवतो. इतक्या बारीक चुकण्यावरून ब्यूटीचा वाटा निराळा काढता येतो.

या सगळ्या ओळखीच्या स्रोतांच्या बेरजेला अभ्यासक कॉकटेल म्हणतात. मोजलेला आलेख आणि कॉकटेल जुळले, तर आपली समज बरोबर. ॲलिसने ७ आणि १३ टीईव्हीच्या टकरींत हे जुळवून पाहिले, आणि दोन्ही मोठ्या प्रमाणात जुळतात.

एका कोपऱ्यात मात्र ती जुळत नाहीत. ॲलिसच्या चुंबकाचे क्षेत्र नेहमी ०.५ टेस्ला असते. एवढ्या क्षेत्रात अगदी मंद इलेक्ट्रॉन गिरक्या घेत आतच राहतात. म्हणून काही काळ क्षेत्र ०.२ टेस्लावर आणून नोंदी घेतल्या. २०२१मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार, जोडीचे वस्तुमान ०.१५ ते ०.६ जीईव्ही आणि आडवा (झोताला काटकोनातला) संवेग ०.४ जीईव्हीहून कमी असताना मिळालेल्या जोड्या कॉकटेलच्या सुमारे १.६ पट आहेत. सर्नच्याच जुन्या आयएसआर यंत्रावर ६३ जीईव्हीच्या टकरींतही असाच जादा आकडा दिसला होता. पण इथली सर्वांत मोठी अनिश्चितता कॉकटेलमध्येच आहे, कारण मंद एटा मेसॉन नेमके किती जन्मतात हे थेट मोजणे अवघड आहे. जादा जोड्या कुठून येतात हा प्रश्न उघडा आहे. नव्या कणाच्या गाजावाजापेक्षा मला असा उघडा प्रश्न अधिक मोलाचा वाटतो. त्याच्यामागे वजाबाकीची प्रत्येक पायरी तपासलेली आहे.

वरच्या टोकाला

झेडच्या पलीकडे आलेख झपाट्याने उतरतो. तिथल्या जोड्या बहुतांशी एका प्रोटॉनमधला क्वार्क आणि दुसऱ्यातला प्रतिक्वार्क एकमेकांत नष्ट होऊन निघतात. ही प्रक्रिया १९७०मध्ये सिडनी ड्रेल आणि तुंग-मो यान यांनी मांडली. उतरत्या आलेखावर दूर कुठे नवे टोक दिसते का, हे सीएमएस शोधते. झेडसारखा, पण अधिक जड असा कण काही ठरावीक सिद्धांतांप्रमाणे असलाच तर तो साधारण ५ टीईव्हीहून जड असला पाहिजे, इथवर मजल गेली आहे. आणि झेड आता शोधाचा विषय न राहता मापदंड झाला आहे: त्याचे टोक ९१.१९वर येते का हे पाहून स्फटिकांचे माप दुरुस्त करतात.

मुंबई-पुण्याचा वाटा

सीएमएसमध्ये मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था म्हणजे टीआयएफआर, भाभा अणुसंशोधन केंद्र आणि पुण्यातली पाषाणची आयसर या संस्थांचे गट आहेत. ॲलिसमध्ये आयआयटी मुंबईचा. सीएमएसच्या चुंबकाबाहेर बसवलेला हॅड्रॉन कॅलरीमीटरचा (पायॉनसारख्या कणांची ऊर्जा मोजणाऱ्या यंत्राचा) थर टीआयएफआर आणि चंडीगडच्या पंजाब विद्यापीठाने मिळून घडवला. जवळजवळ चिकटलेले दोन फोटॉन वेगळे ओळखणाऱ्या प्रीशॉवर यंत्रासाठी सिलिकॉनचे सेन्सर भाभा केंद्राने बंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सबरोबर तयार केले. भारत जानेवारी २०१७पासून सर्नचा सहयोगी सदस्य आहे.

एका नावाशी थांबायला हवे. रोहिणी गोडबोले १९५२मध्ये पुण्यात जन्मल्या, हुजूरपागेत आणि स. प. महाविद्यालयात शिकल्या, पुढे आयआयटी मुंबई आणि अमेरिकेत स्टोनी ब्रुक. इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन यांचेच झोत अतिउच्च ऊर्जेने टकरवले, तर झोतांतून सुटणारे फोटॉन एकमेकांवर आदळून नको असलेल्या कणांची किती गर्दी करतील, हे त्यांनी मानुएल ड्रीस यांच्यासह दाखवून दिले. यंत्र बांधण्याआधीच त्यातला गोंगाट किती असेल हे कळले, आणि पुढच्या आराखड्यांत त्याचा विचार करावा लागला. २०१९मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. ऑक्टोबर २०२४मध्ये पुण्यातच त्यांचे निधन झाले.

घरच्या संगणकावर

सर्नने २०१४मध्ये खुल्या नोंदींचे दालन सुरू केले. सीएमएसने २०१०मध्ये नोंदवलेल्या, दोन इलेक्ट्रॉन असलेल्या एक लाख घटनांची यादी तिथे साध्या तक्त्याच्या रूपात फुकट मिळते. वस्तुमानाचा पल्ला २ ते ११० जीईव्ही. प्रत्येक ओळीत दोन्ही कणांची ऊर्जा, संवेग, दिशा आणि विद्युतभार आहे. धायरीतल्या एखाद्या अकरावी-बारावीच्या मुलीला साधे स्प्रेडशीट येत असेल, तर एका संध्याकाळी तिला वस्तुमानाचा आलेख काढता येईल, आणि ३.१ व ९१ यांच्यापाशी काय दिसते ते पाहता येईल. मग विद्युतभाराच्या रकान्यांवरून समभारी जोड्या निराळ्या काढाव्यात आणि तोच आलेख त्यांच्यासाठी पुन्हा काढावा. दोन्ही शेजारी ठेवले की कुठला उंचवटा कणाचा आणि कुठला नुसत्या जुळवाजुळवीचा, हे तिला स्वतःच्या हिशेबाने ठरवता येईल.